त्रेचाळिसावा

बक्षिसं बेचाळीस, उरलेलो आम्ही त्रेचाळीस.
बाहेर रिनोत बर्फ पडत असणार,
पण या दालनाला खिडकी नाही,
आणि पडद्यावरचं घड्याळ किती वाजले ते सांगत नाही,
फक्त किती उरलं ते सांगतं.
सहा मिनिटं, मग ब्लाइंड पुन्हा चढणार.

सकाळी चारशे डॉलर मोजले,
तर हातात वीस हजार आले.
वीस हजार काय, ते कुणालाच ठाऊक नाही.
त्यात कॉफी येत नाही,
माझी खालची कवळी तर नाहीच नाही.
चौदा तासांत तीनदा टेबल बदललं,
तीनदा नवी माणसं वाचायला घेतली
आणि पहिल्याच पानावर पुस्तक काढून घेतलं गेलं.

दोरीच्या पलीकडे रोजचं टेबल.
तिथली लाल चकती पाच डॉलरची,
काल पाच, उद्याही पाच.
वेंडेल मध्येच उठतो, सिगारेट ओढून येतो,
खुर्ची त्याचीच असते.
हरलास? खिशात हात घाल.
कंटाळलास? जा की घरी.
नऊ वर्षं बसतोय मी तिथे.
राण्या तिथेही मार खातात,
पण पुढचे पत्ते वाटून होईतो
शिव्या देऊन झालेल्या असतात.

माझा बाप या डोंगरांत मेंढ्या राखायचा.
पिरेनीजमधून एकटा आलेला, इंग्रजी शब्द तीन.
संध्याकाळी मोजायचा.
कायोटीने नेली तर एक कमी,
उरल्या त्या उरल्या.
त्याला कसं सांगितलं असतं मी,
ऐता, इथे तीनशे ऐंशी जण
आपापला कळप एकाच वाड्यात सोडतात,
मग एक जण जवळजवळ सगळा हाकत नेतो,
आणि आपण त्याच्याशी हात मिळवायचा असतो.

कोल्बी. सॅक्रामेंटोचा, तेवीस वर्षांचा,
टोपीत बुडालेला, दर डावाला सगळं पुढे सारणारा.
ढीग त्याच्याकडे डोंगराएवढा, भीती आमच्याकडे.
तासभर मी पानं फेकत होतो.
शेजारचा म्हातारा तर पत्ते न बघताच फेकायचा,
शेजारच्या टेबलांवर कोण मरतंय ते मान लांबवून बघत.
आम्ही सगळेच बघत होतो. लाज वाटावी असं बघत होतो.

मग इस्पिकची राणी, चौकटची राणी.
सगळं पुढे सारलं. काय विचार करायचा त्यात?
त्याच्याकडे किलवरचा एक्का आणि चव्वी.
नव्वी, दुर्री, गुलाम.
नंतर सत्ती.
पत्ते वाटणाऱ्या लुडिविनाने माझ्याकडे पाहिलं नाही,
तेव्हाच कळलं.
बदामचा एक्का.

त्रेचाळिसावा.
भरल्या ताटावरून उठवतात, तसंही नाही हे;
ताट समोर आलंच नव्हतं, नुसता वास आला होता.
माझ्यामागे टाळ्या झाल्या. मी गेलो म्हणून,
बेचाळीस जणांचे पैसे पक्के झाले म्हणून.
चुकलो असतो तर बरं झालं असतं.
चूक घरी नेता येते,
रात्रभर उशाशी ठेवून तिच्याशी भांडता येतं.

दोरीपलीकडे गेलो. वेंडेलने खुर्ची सरकवली,
विचारलं काहीच नाही.
पहाटे साडेतीनला अठरा डॉलर वर होऊन उठलो.
कुठल्या डावात जिंकले, विचारू नका.
नऊ वर्षांतला एक डाव आठवत नाही मला तिथला.

जाताना पडद्याकडे पाहिलं.
४३. बी. एचारेन.
वरती नवी नावं येत होती,
माझं एकेक ओळ खाली सरकत गेलं
आणि काठावरून पडलं.

बापाने ॲस्पनच्या सालीवर चाकूने नाव कोरलंय,
खाली साल, एकोणीसशे अठ्ठावन्न.
झाड जाडावलं तशी अक्षरंही सुजत गेलीत,
आता जवळून वाचता येत नाहीत,
चार पावलं मागे जावं लागतं.

मार्चमध्ये पुन्हा आहे. चारशे डॉलर.
वेंडेल म्हणतो, वेड लागलंय तुला.
असेल.
वाट गं लुडिविना.